घड्याळबाईंची सहा मिनिटं

आतड्यांच्या तपासणीच्या खोलीत एकवीस वर्षं काढलेल्या सिस्टरना सगळं हॉस्पिटल घड्याळबाई म्हणे. दुर्बिणीची नळी मोठ्या आतड्याच्या टोकाला पोचली की त्या टायमर दाबत आणि नळी मागे येताना एकेक मिनिट मोठ्याने पुकारत. सहा मिनिटांच्या आत कुणी नळी बाहेर काढायची नाही, हा त्यांचा खाक्या. पॉलिप, म्हणजे पुढेमागे कॅन्सर होऊ शकणारी ती बारीक गाठ, दिसते ती नळी मागे घेतानाच. आणि घाईत नजर ठरते कुठे?

मग नवी दुर्बीण आली. चित्र लख्ख, आणि पॉलिप दिसला की संगणक हिरवी चौकट काढून टिंग करणार. पॉलिप जास्त सापडू लागले, हे बाईंनीही मोकळ्या मनाने मान्य केलं. पण तरुण डॉक्टरांचा हात मात्र भलताच वेगात सुटला.

"आता मिनिटं कशाला मोजायची, सिस्टर? हा सांगतोच की!"

"सांगेल हो. पण तुम्ही दाखवाल तेवढंच."

त्या दिवशी टेबलावर बाईंचा थोरला भाऊ होता, भूल देऊन झोपवलेला. वडील आतड्याच्या कॅन्सरने गेले होते, तरी दादाने दोन वर्षं टंगळमंगळ केली होती. बाईंनी टायमर दोनदा तपासून पाहिला. आवाज तेवढा रोजचाच.

"चौथं मिनिट."

टिंग नाही. "एकदम साफ," म्हणत डॉक्टर नळी काढू लागले.

"अजून दोन मिनिटं आहेत."

"भाऊ आहे म्हणून काळजी वाटतेय तुम्हाला."

"वाटतेच आहे. पण उजव्या वळणावर पाणी साचलं होतं. ते न ओढताच पुढे आलात."

डॉक्टरांनी हात थांबवला. मग नळी पुन्हा आत गेली. पाणी ओढलं, आतड्याची घडी बाजूला सारली, आणि मागे दडी मारून बसलेला, वाटाण्याएवढा चपटा पॉलिप समोर आला. आता मशीनने लगेच टिंग केलं.

"आलं मोठं शहाणं," बाई पुटपुटल्या. डॉक्टरांनी तारेच्या फासात धरून तो मुळापासून काढला.

पुढच्या पेशंटच्या वेळी टायमर डॉक्टरांनी स्वतः दाबला.

संध्याकाळी दादाने कॉटवरून विचारलं, "काय गं, सापडलं का काही?"

बाईंनी त्याचं पांघरूण नीट केलं. "होतं. आता नाही."