वरून पुकारा, खालून हाजिर

तालुक्याच्या कचेरीसमोर लिंबाखाली बसून मी लोकांचे अर्ज लिहितो. अर्ज वर जातात, किस्से माझ्यापाशी राहतात. वर म्हणजे पहिल्या मजल्यावर, साहेबांकडे. ज्यांना जिना चढवत नाही ते माझ्या बाकावर बसतात. आम्ही खालचे!

*

मागे कचेरीला रॅम्प झाला. त्याचं उद्घाटन आमच्या परसरामनं केलं, न बोलावता. दोन्ही पाय पोलिओत गेलेले, हातानं चालवायची तीनचाकी. अर्ध्यापर्यंत चढला, तिथून जो घसरला तो थेट चहाच्या टपरीपाशी. टपरीवाल्यानं चहा पुढे केला.

"रॅम्प चांगला हाय," परसराम म्हणाला. "फक्त उतराच्या कामाचा."

आणि चढला असता तरी काय? रॅम्प संपतो तिथून जिना सुरू होतो.

*

बाळाला पाजायला हिरकणी कक्ष आहे. त्यात शिपाई बाबाराव डबा खाऊन आडवे होतात. तांड्यावरची एक बाई दार वाजवून थकली. शेवटी तिचं लेकरूच असं रडलं की बाबाराव डोळे चोळत बाहेर आले.

ती म्हणाली, "तुमची झाली असंन तं आता याले झोपू द्या."

*

साहेबांनी जिल्ह्याला कळवलं की इथे दिव्यांग कोणी येतच नाही, नोंदवही कोरी आहे. खरंच होतं ते. नोंदवही पहिल्या मजल्यावर! ती खाली ठेवावी म्हणून मी अर्ज पाठवला. उत्तर आलं, 'अर्जदाराने समक्ष वर येऊन मागणी करावी.'

*

कोणीतरी व्हीलचेअर दान दिली. फोटो निघाले. खाली चोरीला जाईल म्हणून ती वर नेऊन साखळीनं बांधली. खिडकीतून दिसते, आम्ही तिला रामराम करतो.

*

आता परसरामचं. त्याचा धाकटा भाऊ देवीदास. त्यानं कचेरीत अर्ज दिला होता की परसरामनं वावरातला हिस्सा राजीखुशीनं सोडला. सुनावणी वर. पुकारा तीनदा होतो, समोर नसलात की गैरहजर. परसरामच्या दोन तारखा अशाच गेल्या. तिसऱ्यांदा गैरहजर लागला असता तर वावर गेलंच होतं. त्या तिसऱ्या तारखेला मला सकाळपासून चहा गोड लागत नव्हता.

बाबारावांनी गॅलरीतून पुकारा केला. खालून आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, "हाजिर!"

समक्ष पाहिजे, असं वरून उत्तर आलं.

परसराम म्हणाला, "साहेबाले गॅलरीत येऊ द्या. म्या दिसलो नाही तं खुशाल गैरहजर लिहा."

साहेब चिडूनच बाहेर आले, मागोमाग देवीदास. भावानं हिस्सा सोडला का, असं साहेबांनी त्याला विचारलं. देवीदास काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोल रे," परसराम खालून म्हणाला. "आमाले आयकू येत नाही."

आवारात त्यांच्या तांड्यावरचे दहा-बारा जण होते. सगळे वर बघत राहिले. देवीदासनं कठडा धरला, खाली पाहिलं आणि जिना उतरून सरळ माझ्या बाकापाशी आला.

"अर्ज मागं घ्याचा हाय. लिहून द्या."

मी लिहिला, त्यानं सही केली. वरून बाबाराव ओरडले, साहेब म्हणतात अर्ज समक्ष वर आणून द्या.

देवीदासनं तीनचाकीचा दांडा धरला.

"मी भावासंगं हाओ," तो म्हणाला. "आमाले वर येता येत नाही."