चिकट्याचं शेत

ताडकळसला मी शेतकी खात्यात नोकरीला होतो, तेव्हा एक मेंढपाळ नेहमी भेटायचा. नाव विचारायचं राहूनच गेलं. बोलताना तो एखादा शब्द दोनदा म्हणायचा आणि वाटेतलं कुठलंही पान तोंडात घालून बघायचा.

त्या हिवाळ्यात एका शेतकऱ्याच्या ज्वारीवर मावा पडला. ते बारीक किडे पानांतला रस शोषून गोड चिकटा सोडत होते. सगळं शेत तेल लावल्यासारखं चकाकत होतं. शेतकरी हताश होऊन मेंढपाळाला म्हणाला, "गेलं पीक. सोड तुझी मेंढरं आत. फुकट."

माझ्याजवळची कीड मारायची पावडर संपली होती, म्हणून मीही मान डोलावली. मेंढरं भुकेनं बांधावर ओरडत होती.

तो एकटाच आत शिरला. एक पान जिभेला लावून हसला, "लय गोड हाय, गोड." मग दुसरं पान उलटं करून त्यानं आम्हाला दाखवलं. ठिपक्यांचे लाल किडे मावा खात होते.

"आठ दिस थांबा, मालक. ह्ये समदं साफ करायलेत, साफ."

आणि मेंढरं हाकत तो दोन कोसांवरच्या माळाकडं निघून गेला.

पीक वाचलं. हुरड्याला शेतकऱ्यानं त्याला मुद्दाम बोलावून शेजारी बसवलं. मी विचारलं, "फुकटचा चारा का सोडलात?"

"किडे जेवाया बसले व्हते, सायेब," तो म्हणाला. "जेवत्याला कसं उठवू?"

शेतकऱ्यानं हसत हसत त्याच्या हातावर आणखी एक मूठ हुरडा ठेवला.