मुद्दाम कोण हरतंय?

चार माणसं तीन वर्षं दर रविवारी एकाच टेबलाला बसली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साठतात आणि कुणी पाहुणा आला की आधी कुठला सांगायचा यावर भांडण होतं! त्यात आमच्या चौघांना एकमेकांचा कायम संशय. त्यामुळे आमच्याकडे जरा जास्तच साठले.

मी शेवाळे. अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, म्हणजे दुसऱ्याच्या कामावर संशय घेण्याचा मला पगार मिळतो. बाकीचे तिघं असे: देवळाली कॅम्पात राहणारे साळवे सुभेदार, तोफखान्यातून रिटायर. सटाण्याचे कांदा व्यापारी भामरे, आता नाशिकला घर केलेले. आणि दातांच्या डॉक्टर मंजिरी.

खेळ म्हणजे पत्ते-कॅरम नव्हे. चांगला पाच किलोचा खोका आहे! साठ प्रकरणांची मोहीम, भलामोठा नकाशा, सीलबंद पाकिटं आणि शंभरेक करड्या प्लास्टिकच्या बाहुल्या: वीर, चेटकिणी, राक्षस. आम्ही चौघं एका बाजूला, खोक्यातले राक्षस दुसऱ्या बाजूला. जिंकलं तर पुढचं प्रकरण, हरलं तर तेच पुन्हा. शेवटी काय होतं ते साठाव्या पाकिटात. ते पाकीट फोडायला माझे हात तीन वर्षं शिवशिवत होते.

बाहुल्या आपणच रंगवायच्या. रंग नसेल तर बाहुली टेबलावर येणार नाही, हा सुभेदारांचा नियम. "वर्दीशिवाय परेड नाही!"

*

सुभेदारांनी स्वतःचा वीर रंगवून आणला, तो नखशिखांत हिरवा. तलवार हिरवी, दाढी हिरवी, चेहऱ्यावर दोन मातकट पट्टे.

"साहेब, हे काय?"

"शत्रूला दिसता कामा नये."

पहिलंच प्रकरण जंगलातलं. नकाशा हिरवागार. सुभेदारांनी वीर ठेवला, आम्ही आमच्या चाली खेळलो आणि पुन्हा त्यांची पाळी आली तेव्हा वीर गायब! मी टेबलाखाली पाहिलं. भामऱ्यांनी डॉक्टरांकडे संशयाने पाहिलं. डॉक्टरांनी पर्स उघडून दाखवली. दहा मिनिटांनी तो सापडला, जिथे ठेवला होता तिथेच, झाडीत.

आम्ही प्रकरण हरलो, पण सुभेदार खूश. "बघा! तुम्हालाच दिसला नाही, तर राक्षसाला काय दिसणार?"

*

डॉक्टर मंजिरींचा हात बारीक कामाचा. भुवया, नखं, डोळ्यांतल्या लाल शिरा, सगळं त्या दवाखान्यातल्या भिंगाखाली रंगवतात. पण राक्षस हातात घेतला की आधी त्याचा जबडा तपासतात. एकदा म्हणाल्या, "याला वरच्या बाजूला दोन दाढा जास्त आहेत. कंपनीने कुणाला विचारून केलं हे?" आणि मशीन लावून त्या जादा दाढा घासून काढल्या!

तो राक्षस लाल रंग देऊन त्यांनी स्टीलच्या ट्रेमध्ये वाळत ठेवला आणि विसरल्या. दुपारी पहिला पेशंट आला, अक्कलदाढ काढायला. इंजेक्शन दिलं, दाढ काढली, पेशंटने डोळे उघडले. शेजारच्या ट्रेमध्ये लालभडक, शिंगं असलेलं, दात विचकलेलं काहीतरी पडलेलं.

तोंडात कापूस असतानाच तो म्हणाला, "डॉक्टर, हे माझं आहे?"

*

भामऱ्यांचा कुठल्याही काट्यावर विश्वास नाही. आयुष्य मार्केटात गेलेलं. आमच्या बाहुल्यांचीही त्यांनी पहिल्याच दिवशी प्रतवारी केली: मोठे राक्षस एकीकडे, मधले एकीकडे आणि चिल्लर सैनिक म्हणजे गोल्टी, बारक्या कांद्यासारखी. आता आम्ही सगळेच गोल्टी म्हणतो. "डावीकडून सहा गोल्टी आली!"

एका रविवारी सुभेदारांना लागोपाठ चार वेळा सहा पडले. भामऱ्यांनी चारही वेळा फासा निरखून पाहिला. पुढच्या रविवारी येताना काचेचा ग्लास आणि मिठाचा पुडा घेऊन आले.

"मिठाच्या पाण्यात फासा तरंगतो. फिरवून सोडायचा. दर वेळी एकच बाजू वर आली, तर समजायचं माल खराब आहे."

एकेक फासा पाण्यात गेला. सुभेदार हाताची घडी घालून बसले होते, चेहरा लाल. सात फासे चोख निघाले. आठवा कितीही फिरवला तरी सहा वर!

आम्ही सगळे ग्लासवर वाकलो. भामऱ्यांनी तो फासा बाहेर काढला, रुमालाने पुसला, खिशात टाकला.

"हाऊ फासा खराब शे," ते गंभीरपणे म्हणाले. "हाऊ मनाजवळ ऱ्हाऊ द्या!"

*

आमचा अड्डा माझ्या फ्लॅटवर, इंदिरानगरला. रविवारी दुपारी पडदे ओढून, कारण उन्हाने रंग उडतो. आतून आवाज काय येतात, तर "आधी म्हातारीला मार!", "तिला सोडू नको, तिच्याकडे किल्ली आहे!" सोसायटीच्या सेक्रेटरींना संशय आला नसता तरच नवल.

एक दिवस बेल वाजली. सेक्रेटरी दारात. मागे वॉचमन.

"शेवाळे, कम्प्लेंट आली आहे. इथे जुगार चालतो म्हणे."

"या, बसा," सुभेदार म्हणाले. "तपास करा."

सेक्रेटरी बसले. नियम ऐकले. आमची एक चाल व्हायला पंचवीस मिनिटं लागली, कारण अंधारात धनुष्य चालवता येतं की नाही यावर डॉक्टर आणि भामरे यांचं जुंपलं होतं. पुस्तकाचं पान उघडलं, मग दुसरं, मग तळटीप. वॉचमन केव्हाच निघून गेला. तासाभराने सेक्रेटरी उठले आणि चपला घालत मला हळूच म्हणाले, "शेवाळे, जुगार असता तर बरं झालं असतं हो. निदान लवकर संपला असता!"

*

आता माझ्या संशयाचं.

पन्नासाव्या प्रकरणापर्यंत आम्ही झकास चाललो होतो. मग एकाएकी हरायला लागलो. एकावन्नावं तीनदा खेळलो. बावन्नावं चारदा! इतका माल एकदम खराब निघाला की कारखान्यात आम्ही चेकशीट भरतो: चूक कुठे, केव्हा, कुणाच्या हातून. मी गुपचूप तेच सुरू केलं.

पाच रविवारांत चित्र स्पष्ट झालं. डॉक्टर, ज्या एक थेंब वाया घालवत नाहीत, त्या अख्खी संजीवनीची बाटली एका ओरखड्यावर ओतत होत्या. भामरे, जे घराचं कुलूप तीनदा ओढून बघतात, ते किल्ल्याचं दार सताड उघडं टाकून पुढे जात होते. धडपणे खेळत होते फक्त सुभेदार आणि मी. आणि दर वेळी हरल्यावर सुभेदार टेबलावर मूठ आपटत, "अरे, नीट खेळा ना!"

एका रविवारी चहा करताना मी डॉक्टरांना ओट्यापाशी गाठलं आणि चेकशीट पुढे केली. त्यांनी ती वाचली, मागून-पुढून बघितली.

"तुला खरंच माहीत नाही? सुभेदारांचा मुलगा त्यांना बंगळूरला न्यायला टपलाय, कायमचा. चौदाव्या मजल्यावर."

"मग?"

"त्यांना जायचं नाहीये. देवळालीला सरावाच्या तोफा वाजल्या नाहीत तर त्यांना दुपारची झोप लागत नाही. पण ते मुलाला बोलून बसलेत, मोहीम संपली की येतो. आता त्यांची जबान आहे. स्वतः ते मुद्दाम हरणार नाहीत आणि आपल्याला हरा म्हणणारही नाहीत."

"भामऱ्यांना माहीत आहे?"

"त्यांनीच तर मला सांगितलं."

मला राग आला. खरं सांगतो, वाईट नंतर वाटलं, आधी रागच आला. तीन वर्षं मी त्या शेवटच्या पाकिटासाठी थांबलो होतो आणि हे दोघं मला न सांगता दारं उघडी टाकत होते! शिवाय सगळ्यांवर नजर ठेवणारा मी आणि ही बातमी फक्त मलाच नव्हती.

"मी नाही मुद्दाम हरणार," मी म्हणालो.

"कुणी सांगितलंय तुला हरायला? साखर जास्त टाकू नकोस."

मी इरेला पेटून खेळलो. सुभेदार तर होतेच बरोबर. दोघांनी ओढून ओढून बाकीच्या दोघांसकट मोहीम पुढे नेली. दर विजयानंतर सुभेदार माझ्या पाठीवर थाप मारायचे आणि मग एकेक बाहुली सावकाश खोक्यात ठेवत बसायचे.

*

एकोणसाठावं प्रकरण. ते जिंकलं की साठावं पाकीट, आणि त्यात खेळायचं काही नाही, नुसता शेवट वाचायचा. म्हणजे मोहीम फत्ते.

त्या रविवारी सुभेदारांचा मुलगा अमोल स्वतः हजर. गाडी खाली उभी, डिकीत सुभेदारांची ट्रंक. तो सोफ्यावर बसून मोबाइल बघत होता आणि मध्येमध्ये विचारत होता, "काका, आज नक्की संपतंय ना?"

डॉक्टरांनी बाटल्या ओतून पाहिल्या. भामऱ्यांनी दोन दारं उघडी टाकली, एक पूल मोडला. पण सुभेदार त्या दिवशी असे खेळले की काय सांगू! शेवटचा राक्षस एका घावावर येऊन ठेपला. भामऱ्यांना फोन आला म्हणून ते गॅलरीत गेले. पाळी माझी.

अमोल सोफ्यावरून म्हणाला, "काका, किती पडायला हवेत?"

"एक सोडून काहीही. एक पडला की हरलो."

"मग झालंच की! पप्पा, चपला घाला."

सुभेदारांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले.

आमचा फासा उंच कडांच्या लाकडी ट्रेमध्ये टाकायचा असतो. टेबलाशी असलेल्या प्रत्येकाने वाकून बघायचा आणि मगच उचलायचा. तीन वर्षांत हा रिवाज एकदाही मोडला नव्हता, आणि मोडू न देणारा मीच.

मी फासा टाकला. खडखडला, कडेला आपटला, थांबला. पाच!

मी वाकून नीट बघितलं. पाचच. शेजारी ते साठावं पाकीट पडलं होतं, कडा अजून कोऱ्या करकरीत.

मी फासा उचलला.

"एक," मी म्हणालो.

अमोल ताडकन उठून आला. "एक? खरंच?" त्याने ट्रेमध्ये डोकावलं. ट्रे रिकामा.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग वही ओढली आणि ठळक अक्षरात लिहिलं, 'पराभव'. सुभेदार अजून चष्माच पुसत होते.

अमोलने आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "पण बघितलं कुणी?"

भामरे गॅलरीत होते. आमच्याकडे पाठ, कानाला फोन, सटाण्याचा भाव विचारत होते. मान न वळवता तिथूनच ओरडले,

"एकच शे! मी देखं!"