कुंपणाबाहेरचा प्लग

पंपवाल्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. बायको गेल्यापासून घरात कुणाला उठवायचं नसे आणि त्याला उठवणारंही कुणी नसे. डोळे आपोआप उघडत. एका माणसापुरता चहा करायचा, कप विसळून पालथा घालायचा आणि उजाडायच्या आत पाणीपुरवठ्याच्या पंपघरात हजर व्हायचं.

पंप म्हणजे नुसतं बटण नव्हे. आधी पुढचा व्हॉल्व्ह बंद आहे ना ते बघायचं, पंपात पाणी भरून हवा काढायची, मग मोटार सुरू करून व्हॉल्व्हचं चाक दोन्ही हातांनी सावकाश उघडत न्यायचं. घाई केली की पाइप आतून दणका देतो. चाक पुरतं उघडेपर्यंत खांदे भरून येतात. शेवटी बेअरिंगवर स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावायची. आवाज सरळ असला की खुर्चीत बसायचं. पुढे दिवसभर सोबतीला तोच आवाज.

दहाच्या सुमारास मात्र फोन वाजायचा. लेक समुद्रापलीकडच्या देशात नर्स होती. तिची रात्रपाळी संपायची तेव्हा इकडे दहा वाजत. तो घरी पोचेपर्यंत ती झोपलेली असे, आणि ती उठून कामाला लागेपर्यंत त्याचा डोळा लागलेला असे. म्हणजे बोलायला तेवढीच वेळ.

"जेवलात का बाबा?"

"दहाला कोण जेवतं गं?"

"मग खोकला?"

"तो माझ्याआधी उठतो."

फोन तिनं पहिल्या पगारातून घेतलेला. आता त्याची बॅटरी पार म्हातारी झाली होती, आणि त्या जुन्या फोनला नवी मिळत नव्हती. वायर जोडून ठेवली तरच तो बोलायचा. पंपघरात मनगटाएवढ्या जाड केबली होत्या, पण साधा प्लग एकच, आणि तो संगणकानं अडवलेला. म्हणून सगळ्याच पाळ्यांची माणसं आपापले फोन त्या संगणकालाच जोडत. त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मग एका सकाळी संगणक दाखवत होता टाकी भरलेली, आणि शहरात नळ कोरडे. कुणीतरी कुठून तरी आत शिरून आकडे फिरवले होते. पंप हातानं चालवावे लागले. पाणी किती चढलं ते बघायला माणसं पाळीपाळीनं टाकीची शिडी चढत होती. पंपवाल्याचे गुडघे त्या दिवसांत जे बोलायला लागले ते नंतर गप्प झालेच नाहीत.

पाठोपाठ तपासाच्या मॅडम आल्या. त्यांनी सगळ्यांना उभं केलं आणि नवा कायदा समजावला. पाण्याचे, विजेचे, दवाखान्यांचे संगणक आता संरक्षित. बाहेरून त्यात हात घालणाऱ्याला तुरुंग, आणि आतून वाट मोकळी ठेवणाऱ्यालाही जबाब द्यावा लागेल. संगणकाला काय काय जोडलं होतं, त्याची नोंद संगणकातच होती.

आकडे फिरले तेव्हा जोडलेल्या एकाच फोनचं नाव मॅडमनी पडद्यावरून वाचलं. "'बाबांचा फोन'. इथं बाबा कोण?"

फिटर म्हणाला, "मॅडम, इथं सगळेच बाबा आहेत. मी तर आजोबासुद्धा आहे."

हशा पिकला. मॅडमही हसल्या, पण पडद्यावरून नजर काढली नाही. पंपवाल्यानं खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. ते नाव लेकीनं घातलं होतं.

"माझा आहे. परत कधी मिळेल?"

"काका, गुन्हा दाखल होईल की नाही ते विचारा आधी," मॅडम म्हणाल्या.

"ते तुम्ही ठरवालच. फोन कधी मिळेल?"

फोन तपासणीला गेला. दहा वाजत आणि काही होत नसे. तो उगाच पंपाभोवती फेरी मारून येई. फिटर म्हणाला, "नवा घे की रे! पैसे काय वर घेऊन जाणारेस?" पण लेकीनं घेतलेला फोन तिकडे पडून असताना दुसरा घ्यायचं पंपवाल्याच्या मनाला पटेना.

शेवटी लेकीनंच इंजिनिअरच्या ऑफिसात फोन लावला. साहेबांसमोर उभं राहून त्यानं तिला सगळं सांगितलं, आणि ती कायद्याच्या नावानं खडे फोडेल म्हणून थांबला.

"बाबा, आमच्या हॉस्पिटलवर असाच हल्ला झाला होता," ती म्हणाली. "कुणाला कुठलं औषध चालू आहे तेच दिसेना. माणसं कण्हत पडली होती. असा कायदा हवाच. आत फोन नेऊ नका."

"मग बोलायचं कधी?"

साहेब कागदांत डोकं घालून बसले.

महिना उलटल्यावर कळलं, चोर फोनमधून शिरलेच नव्हते. देखभालीच्या कंपनीचा पासवर्ड त्यांच्या हाती लागला होता. पंपवाल्याला ताकीद मिळाली आणि फोनही मिळाला. नियम मात्र पक्का झाला: फोन गेटवरच्या पेटीत ठेवायचा. दहा वाजता दुसरा ऑपरेटर पंपाचं पॅनल सांभाळेल, तेवढ्यात बाहेर चहाला जायची परवानगी होती. पण गेटबाहेर वॉचमनच्या खोलीत दिवा होता, प्लग नव्हता, आणि वायरीशिवाय फोन मुका. प्लगसाठी त्यानं अर्ज केला. तो अर्ज कुठे अडकला ते कुणाला कळलं नाही.

सुट्टीच्या दिवशी तो वायरमनला घेऊन आला. साहेबांची तोंडी परवानगी काढली होती. खोलीची भिंत दगडाची. तिच्यात वायरीसाठी पट्टी खोदायचं काम त्यानं छिन्नी-हातोडीनं स्वतः केलं. हाताला फोड आले, पण पट्टी सुतासारखी सरळ आली.

"एवढा खटाटोप चहापुरता?" वॉचमननं विचारलं.

"हो."

दुसऱ्या दिवशी दहाला त्यानं फोन जोडला आणि स्टुलावर बसला. फोन वाजला.

"बाबा? पंपाचा आवाज येत नाही. बंद पडला का?"

"चालू आहे. मी कुंपणाबाहेर आहे."

"मग एकटेच बसलात?"

त्यानं आजूबाजूला बघितलं. वॉचमन गेटवर गेला होता. "हो," तो म्हणाला. "बोल तू."

चहाची वेळ संपली तसा त्यानं फोन पेटीत ठेवला आणि आत गेला. त्या महिन्याच्या पगारातून घरी नवी चादर यायची होती, ती राहिली. वायर, बटण, प्लग आणि वायरमनची मजुरी एवढं त्यात झालं.