म्हातारा ट्रॅक्टर आणि मिस्त्रींची पिशवी

मिस्त्रींचा हात लागला की गंजकं लोखंडही बोलायला लागतं, असं लोक म्हणायचे. मिस्त्री स्वतः तर रोजच म्हणायचे. पण मावशींच्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरनं त्यांची पार जिरवली होती. तीन दिवस खपून त्यांनी इंजिन खोललं, झिजलेले भाग बदलले, पुन्हा बांधलं, तरी गडी नुसता घुरघुरायचा आणि गप्प बसायचा. दारात भंगारवाला गाडी घेऊन उभा होता. दुपारपर्यंत सुरू झाला तर ठीक, नाहीतर मावशी ट्रॅक्टर त्याला देऊन टाकणार होत्या.

"डिझेलच्या पाइपात हवा धरलीय," मिस्त्री म्हणाले. त्यांनी स्क्रू सैल करून हवा काढली, चावी फिरवली. घुर्र, आणि पुन्हा गप्प.

"हवा तुमच्या डोक्यात धरलीय," मावशी म्हणाल्या. आयुष्यभर हा ट्रॅक्टर त्यांनीच चालवला होता. त्या बाह्या सरसावून वर चढल्या आणि थबकल्या. "मिस्त्री, ही जेवणाची पिशवी इथं कुणी टांगली?"

पिशवी इंजिन बंद करायच्या दांडीला लटकत होती. तिच्या वजनानं दांडी खेचली गेली होती, म्हणजे डिझेलची वाटच बंद!

"मीच," मिस्त्री पुटपुटले. "खाली ठेवली की मुंग्या लागतात हो."

मावशींनी पिशवी त्यांच्या हातात दिली, दांडी आत दाबली, चावी फिरवली. ट्रॅक्टर दोनदा खोकला, काळा धूर ओकला आणि धडधडायला लागला.

"काम मात्र पक्कं केलंत हो!" मावशी वरूनच ओरडल्या. मग भंगारवाल्याकडे वळल्या. "दादा, तुमची गाडी घ्या बाजूला. आम्हाला रानात जायचंय."