बाकाखालचे पाय

फुटबॉल माझ्याएवढा कळणारा माणूस आख्ख्या कोल्हापुरात न्हाई. जन्मात एकदाच बॉल मारला, त्योबी आपल्याच गोलात गेला.

उद्या आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाची फायनल हाय. मधी खेळणाऱ्या थोरल्या गड्याचा गुडघा गेला, म्हणून कोवळ्या सोन्याला उतरवायचं ठरलंय. सकाळधरनं आमचं त्याच्यावरच भांडण चाललंय, आणि तेबी त्याच्या आईच्या, शांताक्काच्या, चहाच्या गाड्यावर.

"बॉल लई वेळ पायात ठेवतंय. दाबतील त्याला," बापू म्हणला.

"पण पास बघ की गा. सुईत दोरा घातल्यागत देतंय," दिल्या म्हणला.

मी म्हणलो, "न्हाई टिकायचं."

म्हणता म्हणता सहज बाकाखाली नजर गेली. वर तोंडं भांडत होती आणि खाली बॉल नसतानाच सगळ्यांचे पाय खेळत होते. दिल्या पास देत होता, बापू टाचेनं बॉल मागं ओढत होता. सोन्या बुडणार म्हणणाऱ्यांचे पायबी त्याच्यासाठनं पळत होते. मला वाटलं, माणूस तोंडानं आधीच वाईट बोलून ठेवतो, हरलो तर मनाला लागू नये म्हणून. पायांना एवढं शहाणपण कुठलं? ते आपली आशा धरून पळत असतात.

माझ्या पायानं तर थेट गोलच मारला. लाथ समोरच्या स्टुलाला बसली, वरचा गिलास पडून फुटला.

शांताक्कानं स्टोव्ह बारीक केला. "माझं पोरगं काय करायचं ते उद्या करंल," ती म्हणली. "तू आधी पाय आवर, आणि काचा उचल."