हवेच्या स्क्रूवरचा ओला चुना

बोर्ली पंचतनपासून माणगावपर्यंत माझ्याएवढ्या वेळा कार्बोरेटर कोणी उघडला नसंल. परत बसवायला मात्र दरवेळी गणूमेस्त्रीला बोलवावं लागायचं.

मंडळी, मी सातवी नापास हाय. हे फोनात बोलून टाईप करतोय, चुकलं तर फोनला बोला. भुताखेतावर माझा कधीच विश्वास नव्हता... आतापण भूत म्हणवत नाय. मग काय म्हणू ते तुमी सांगा.

आमची गाडी जुनी, कार्बोरेटरवाली. रोज सकाळी बायकोला माणगावच्या शाळेत सोडतो — सुनीता मास्तरीण हाय — आणि डिकीतली सुपारी तिथल्या बाजारात विकतो. गाडी पहिल्यापासून गणूमेस्त्रीच्या हातची. त्याची पद्धत अशी, की इंजिन चालू ठेवून वर पाण्यानं भरलेला ग्लास ठेवायचा आणि हवेचा स्क्रू फिरवत बसायचा. पाणी हलायचं थांबलं की स्क्रू लागला. मग ते पाणी स्वतःच पिऊन टाकायचा, आणि तंबाखूच्या डबीतला चुना बोटानं स्क्रूवर टेकवायचा. "हा ठिपका मोडला की मला कळतं, तू हात लावलास," म्हणायचा. दरवेळी मोडलेला असायचा.

मागच्या पावसाळ्यात मेस्त्री वारला. नंतर कार्बोरेटर झिजला. मेस्त्री सांगून गेलता, "जुन्यालाच दुरुस्तीचं किट टाक, मोठा घेऊ नको." मी मोठा घेतला. म्हटलं घाटात पळंल. पळाली नाय, नुसतं पेट्रोल प्यायली, आणि म्हसळ्याच्या घाटात काळा धूर सोडून बंद. तीन वेळा. तिन्ही वेळा मास्तरीण पदर खोचून धक्का मारतेय आणि मी आत बसून "अजून जोरात" म्हणतोय...

मग जुनाच परत आणला, किट टाकलं, बसवला. धूर गेला, पण वळणावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी बंद. शनिवारी सुनीता म्हणाली, "सोमवारी बंद पडली तर मी माणगावात खोली घेते. सुट्टीला येत जाईन."

"आणि मी?"

"तुम्ही गाडीजवळ राहा."

चेष्टा नव्हती. खोली बघून ठेवली व्हती तिनं.

रविवारी सकाळपासून अंगणात बसलो. व्हिडिओवाला सांगतो, स्क्रू हलक्या हातानं पुरा आत, मग दीड फेरा बाहेर, पुढचं कानानं. माझ्या कानाला सगळं सारखंच. ग्लासातलं निम्मं पाणी पँटवर. दुपारी सुनीतानं जेवायला हाक मारली. इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली, ग्लास भरून एअर फिल्टरवर ठेवला, बॉनेट उघडंच. जेवलो, जरा लवंडलो... दोन तास गेले असतील.

येऊन बघतो तर ग्लास रिकामा. म्हटलं मीच प्यायलो असंल, माझा काय भरवसा. वाकलो तर स्क्रूवर पांढरा ठिपका. बोट लावलं... ओला चुना.

आमच्या घरात तंबाखू कोण खात नाय. शेजारी कुलूप लावून काशीदला गेलेले. गेटची कडी आतून. आणि खरी गोम इथं हाय — तो स्क्रू इंजिन चालू असल्याशिवाय लावताच येत नाय. चावी माझ्या खिशात, आवाज कोणी ऐकला नाय. आणि दोन तास बंद असलेल्या इंजिनावर हात ठेवला तर चटका बसला.

स्टार्टर मारला. लगेच चालू. ग्लास भरून वर ठेवला. पाणी हललं नाय. ते पाणी प्यायची माझी छाती झाली नाय, तुळशीला घातलं.

सोमवारी घाटात मी प्रत्येक वळणावर पाय उचलत गेलो. सुनीता पर्स आवळून बसलेली. शाळेची घंटा व्हायच्या आधी पोचलो. उतरून तिनं खोलीवाल्याला फोन लावला आणि नको म्हणून सांगितलं.

मी शोध सोडला नाय. मेस्त्रीचा मुलगा पनवेलला नोकरीला असतो, त्याला विचारलं, बाबांची डबी कुठं हाय? म्हणाला, "ती त्यांच्याबरोबरच दिली." पुढच्या रविवारी मुद्दाम ग्लास भरून ठेवला, शेजारी चुन्याची नवी डबी. काय झालं नाय, चुना वाळला. स्क्रूवरचा ठिपका अजून तसाच हाय. जन्मात पहिल्यांदा मी हात लावला नाय. कोण आलं, कसं आलं, मला आजपण उलगडलेलं नाय.

परवा घाट चढताना सुनीताला विचारलं, "तुला काय वाटतं गं?"

ती मांडीवर वह्या तपासत व्हती. मान वर न करता म्हणाली, "मेलेला माणूस भर उन्हात उठून आला, म्हणजे तुमचं काम किती वाईट चाललं होतं ते बघा."